टीव्ही लागला की नेट जातं: दोष व्हिडिओ सेंडरचा की कंपनीचा?

गोदाकाठ
नाशिकरोडला आईबाबांकडे फायबरचं ब्रॉडबँड आहे. दिवसभर छान चालतं, संध्याकाळी सातनंतर मात्र रोजचं रडगाणं. कधी व्हिडिओ कॉल गोठतो, मोबाइल वाय-फायवरून सुटतो आणि पुन्हा जोडला जातो. कधी वाय-फाय दिसतं पण शेजारी उद्गारचिन्ह, आणि पाच-दहा मिनिटांनी आपोआप परत सुरू.

घरातली रचना सांगते. हॉलमध्ये मोठा टीव्ही आणि डीटीएचचा बॉक्स. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते आतल्या खोलीत असतात, तिथे जुना टीव्ही आहे. दुसरं कनेक्शन नको म्हणून त्यांनी ओळखीच्या दुकानातून बिनतारी व्हिडिओ सेंडर आणला. एक डबी हॉलमधल्या बॉक्सला, दुसरी आतल्या टीव्हीला. हॉलमध्ये जे लागतं ते आत दिसतं. सातला आईच्या मालिका सुरू होतात आणि त्याच सुमारास नेट पडायला लागतं.

कंपनीचा माणूस आला, त्याने सेंडर पाहिला, "हे यंत्र काढा, यानेच नेट जातं" म्हणाला आणि तक्रार बंद करून गेला. हे खरंच शक्य आहे का, की टाळाटाळ आहे? साडेसातला बाबांचा फिजिओथेरपीचा व्हिडिओ कॉल असतो, तो तुटतो ही माझी खरी काळजी. टीव्ही त्यांचा दिवसभराचा सोबती आहे, तो उगाच काढून घ्यायचा नाही. मी बंगळुरात, त्यामुळे त्या दोघांना जमेल अशी तपासणी सुचवा.

मीठभाकर
टाळाटाळ! आमच्याकडे आलेल्या माणसाने भिंतींना दोष दिला होता. म्हणे जुन्या वाड्याच्या भिंती जाड आहेत. भिंती सकाळी पातळ असतात आणि रात्री जाड होतात का, असं विचारलं तर उत्तर नाही.

अण्णा_ठाणे
मालिका बंद करा. नेटही चालेल आणि घरातली भांडणंही मिटतील. :)

जास्वंद
अण्णा, आधी तुमचं क्रिकेट बंद करून दाखवा, मग बोलू.
गोदाकाठ, बाबांना लवकर बरं वाटू दे. माझ्या सासूबाईंचे व्यायामही व्हिडिओवर चालायचे. मध्येच चित्र गोठलं की पाय किती वेळ वर धरायचा तेच कळत नाही, आणि त्या बिचाऱ्या धरून बसायच्या. ही अडचण वाटते तितकी लहान नाही.

तारतम्य
मीठभाकर, या वेळी कंपनीचा माणूस निदान अर्धा तरी बरोबर असू शकतो. मी रेडिओ-संपर्काच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुकानात मिळणारे स्वस्त व्हिडिओ सेंडर बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. लहरींचा तोच पट्टा वाय-फायचा, ब्लूटूथचा, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही तिथलीच, २.४५ च्या आसपास. हा पट्टा आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतो, म्हणून सगळ्यांची गर्दी तिथे. वाय-फायसाठी जागा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढीच. कागदावर १ ते १३ चॅनल दिसतात, पण ते एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि प्रत्येकाला सुमारे २० मेगाहर्ट्झ रुंदी लागते. म्हणून एकमेकांवर न चढणारे म्हणून सहसा तीनच वापरतात: १, ६ आणि ११.

आता मुख्य मुद्दा. वाय-फाय बोलण्याआधी ऐकतं. हवेत दुसऱ्याचा आवाज असेल तर थांबतं, शांतता मिळाली की माहितीचं आपलं पाकीट पाठवतं. शेजारच्या दहा घरांचे राउटर म्हणूनच कसेबसे का होईना, एकत्र नांदतात. अॅनालॉग व्हिडिओ सेंडर ऐकत नाही आणि थांबतही नाही. चालू केल्या क्षणापासून तो अखंड लहर सोडत राहतो. भजन चाललेलं असताना एकाने पेटीची एकच पट्टी दाबून धरली तर बाकीच्यांनी गायचं कधी? राउटर वाट पाहत राहतो, जे पाठवतो त्यातलं निम्मं बिघडतं, पुन्हा पाठवतो, शेवटी मोबाइल कंटाळून जोडणी सोडतो.

सेंडरच्या पाठीवर १-२-३-४ असा खटका असेल. त्यातले चॅनल साधारण २४१४, २४३२, २४५० आणि २४६८ मेगाहर्ट्झवर असतात. म्हणजे कुठेही ठेवला तरी तो वाय-फायच्या अंगणातच. राउटर सेंडरपासून शक्य तितक्या लांबच्या चॅनलवर नेता येतो, पण राउटर आणि सेंडर एकाच टीव्हीच्या फळीवर असतील तर त्याने फारसं भागत नाही.

तुमच्या राउटरला ५ गिगाहर्ट्झ असेल तर त्याला वेगळं नाव द्या आणि बाबांचा मोबाइल फक्त त्याला जोडा. सेंडर तिथे पोहोचत नाही. एक लक्षात ठेवा, ५ गिगाहर्ट्झ भिंतीतून कमी जातं, तेव्हा आतल्या खोलीत जोर किती मिळतो ते बघून ठरवा.

पत्र्याची_छत्री
डीटीएचच्या छत्रीचं काय? आमच्या सोसायटीत सगळे म्हणतात की गच्चीवर छत्र्या वाढल्यापासून नेट बिघडलं.

तारतम्य
छत्री फक्त घेते, पाठवत नाही. उपग्रहाकडून संकेत येतो तो ११-१२ गिगाहर्ट्झच्या आसपास. छत्रीच्या तोंडाशी असलेला एलएनबी तो ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर उतरवतो आणि पुढे केबलमधून खाली धाडतो. २.४ ला तो हात लावत नाही. तुमच्या सोसायटीत छत्र्या वाढल्या त्याच काळात घरोघरी राउटरही वाढले असणार. दोष त्या गर्दीचा आहे.

सह्यवेडा
माझ्याकडे दोषी सेंडर नव्हता, टीव्हीच्या मागे लावलेली हार्ड डिस्क होती. यूएसबी ३.० च्या तारेतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट गळतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. डिस्क राउटरला चिकटून होती, हातभर लांब नेली आणि त्रास संपला. टीव्हीमागे काय काय खोचलंय ते एकदा बघायला सांगा.

मेषपात्र
एवढी चर्चा कशाला? मेश घ्या, घरभर वाय-फाय पसरवणारा तीन डब्यांचा संच. माझ्याकडे घरभर पाच दांड्या.

तारतम्य
दांड्या जोर दाखवतात, स्वच्छता दाखवत नाहीत. गोंगाट असलेल्या २.४ वर आणखी तीन डब्या बोलायला लागल्या तर गोंधळ वाढेल. मेश चांगलंच आहे, पण कारण सापडल्यावर.

मेषपात्र
माझ्याकडे चाललं म्हणून सांगितलं. गोदाकाठच्या घरी सेंडर आहे, माझ्या घरी नाही. मान्य. पण मोठ्या घराला एक राउटर पुरत नाही, या मतावर मी ठाम आहे.

लाइनमन_सातारा
मी स्थानिक ऑपरेटरकडे फायबर जोडणीचं काम करतो, म्हणून दुसऱ्या बाजूनेही लिहितो. आम्हाला दिवसाला ठरावीक तक्रारी मिटवायच्या असतात. पावसात खांबावर चढून आलेला माणूस घरात बिनतारी यंत्र दिसलं की सुटकेचा श्वास सोडतो, हे खरं आहे. पण यंत्राला दोष देण्याआधी त्याने फायबरच्या, म्हणजे काचेच्या तारेतून येणाऱ्या प्रकाशाची पातळी मोजून तुम्हाला दाखवायलाच हवी होती. मीटर त्याच्या पिशवीत असतो. त्याने मोजली का?

ताई, तुमच्या वर्णनात मला दोन वेगळे आजार दिसतात. मोबाइल वाय-फायवरून सुटतो हा एक. वाय-फाय आहे पण उद्गारचिन्ह, आणि परत यायला पाच-दहा मिनिटं, हा दुसरा. पहिला हवेतला असू शकतो. दुसऱ्यात मोबाइल ते राउटर हा रस्ता शाबूत आहे, पुढचा तुटलाय. सेंडर काचेच्या तारेतला प्रकाश अडवू शकत नाही.

आईबाबांसाठी सोपी परीक्षा सांगतो. फायबरसोबत लँडलाइन मिळाली आहे ना? नेट गेलं की आईंनी मोबाइलचं वाय-फाय बंद करून त्यावरून घरच्या लँडलाइनला फोन लावायचा. फोन वाजला तर काच ठीक आहे, दोष बहुधा वाय-फायचा. वाजला नाही तर फायबरच्या डबीवरचे दिवे बघायचे. पॉन लिहिलेला हिरवा दिवा लुकलुकत असेल किंवा लॉस लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर तो आमच्या खात्याचा दोष, आणि त्याचा फोटो काढून ठेवायचा. फोटो दाखवला की आमच्यातला कुणीही "यंत्र काढा" म्हणू शकत नाही.

जास्वंद
लँडलाइनची युक्ती फार आवडली. आमच्याकडचा तो फोन फक्त पुसण्यासाठी ठेवलाय असं वाटायचं.

शून्य_एक
आणखी एक शक्यता नोंदवतो, कारण ती वायरलेस टीव्हीच्या उपकरणांची खरी घडलेली गोष्ट आहे. जानेवारी २०१८ मध्ये जगभर राउटर अचानक मान टाकत होते. टीपी-लिंकच्या अभियंत्यांनी शोधलं की गूगलची कास्ट सुविधा (मोबाइलवरचं टीव्हीवर दाखवण्याची) असलेली उपकरणं घरात एकमेकांना शोधण्यासाठी ठरावीक वेळाने छोटी पाकिटं पाठवतात. उपकरण झोपेतून उठलं की झोपेतल्या काळाची राहिलेली सगळी पाकिटं एकदम सोडायचं, कधी एक लाखाहून जास्त. राउटरची स्मृती भरायची आणि तो कोसळायचा. त्याच महिन्यात गूगलने दुरुस्ती पाठवली, राउटरवाल्यांनीही नवीन फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, काढलं.

यात हवेतला गोंगाट काहीच नव्हता. संकेत उत्तम आणि राउटर बेशुद्ध. म्हणून टीव्ही लावला की नेट जातं, एवढ्यावरून लहरींची टक्कर सिद्ध होत नाही. राउटरचं फर्मवेअर किती जुनं आहे तेही बघा.

वेल्सवासी
मी ब्रिटनमध्ये, वेल्समधल्या कार्डिफला राहते. आमच्याकडचा किस्सा इथे सांगायलाच हवा. मध्य वेल्समध्ये पोविस भागात आबरहोसान नावाचं खेडं आहे. तिथे तब्बल १८ महिने रोज सकाळी ७ वाजता गावाचं ब्रॉडबँड कोसळायचं. लाइनची देखभाल करणाऱ्या ओपनरीच कंपनीच्या लोकांनी केबलचे मोठे तुकडे बदलले, तरी तेच. शेवटी स्पेक्ट्रम विश्लेषक, म्हणजे लहरींचा गोंगाट दाखवणारं यंत्र, हातात घेऊन ते पहाटे गावात फिरले. बरोबर ७ वाजता विजेच्या गोंगाटाचा एक जबरदस्त झटका दिसला. माग काढत एका घरापर्यंत गेले, तर तिथले रहिवासी रोज ७ वाजता जुना सेकंडहँड टीव्ही लावत होते. त्या कुटुंबाला हे कळल्यावर फार वाईट वाटलं आणि त्यांनी तो टीव्ही पुन्हा न लावण्याचं लगेच कबूल केलं. २०२० च्या सप्टेंबरमध्ये ही बातमी जगभर गेली.

मीठभाकर
म्हणजे टीव्ही दोषी असू शकतो! मग आधी सगळे का नाही म्हणताय?

तारतम्य
कुणी नाही म्हटलेलं नाही. आबरहोसानला जोडणी तांब्याच्या तारेवरची होती. तांब्याची तार अँटेनासारखी आजूबाजूचा विजेचा गोंगाट ओढून घेते, म्हणून एका घरातला टीव्ही सगळ्या गावाला भोवला. काच हे करत नाही. गोदाकाठांच्या घरी फायबर आहे, तेव्हा तसा टीव्ही फार तर घरातलं वाय-फाय बिघडवेल, पण काचेतला प्रकाश नाही. जुन्या तांब्याच्या टेलिफोन लाइनवर अजून ब्रॉडबँड चालवणाऱ्यांनी मात्र वेल्सवासींचा किस्सा जपून ठेवावा.

अण्णा_ठाणे
आमच्या लहानपणी टीव्हीचाच संकेत जायचा. दूरदर्शन मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आमच्या चाळीत पहिला संच त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. एक जण गच्चीवर अँटेना फिरवणार, एक जिन्यात उभा, एक खोलीत. "दिसतंय का?" "नाही!" "आता?" "होतं, गेलं!" जिन्यातला तो निरोप वर पोहोचेपर्यंत वरचा पुढे फिरवून बसलेला.

सह्यवेडा
पुण्यात आमच्या सगळ्या अँटेना सिंहगडाकडे तोंड करून. गडावरच्या टॉवरमुळे कुणाच्याही गच्चीवरून सिंहगडाची दिशा सांगता यायची. कावळा बसला की बातम्यांवर मुंग्या.

जास्वंद
आमच्याकडे पतंगाच्या दिवसांत अँटेनाचे दांडे मोडायचे. तेव्हाही दोष शेजाऱ्यांनाच!

संचालक
दूरदर्शनच्या आठवणींसाठी वेगळा धागा काढा, नक्की रंगेल. इथे मूळ प्रश्नावर या.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. लाइनमनदादा, तुमची परीक्षा आईने फार नेमाने केली, वहीत वेळा लिहून. शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगाही मदतीला आला. जे कळलं ते सांगते.

सेंडर चालू असताना नेट गेलं की बहुतेक वेळा लँडलाइन व्यवस्थित वाजते. त्या मुलाने लॅपटॉप लॅनच्या तारेने राउटरला जोडला तर नेट ठणठणीत, त्याच वेळी मोबाइलचं वाय-फाय मेलेलं. सेंडर बंद केला की मोबाइलही लगेच सुधारतो. तारतम्य, तुमचं निदान बरोबर निघालं.

पण रात्री आठ-साडेआठला एकदा तरी लँडलाइनही वाजत नाही. त्या वेळी लॉसचा लाल दिवा लागलेला असतो. सेंडर बंद असला तरीही! आईने फोटो काढलाय. आता हे काय?

लाइनमन_सातारा
आईंना माझा नमस्कार सांगा. एवढी नीट नोंद आमच्याकडेही कुणी ठेवत नाही. फायबरची डबी कुठे बसवली आहे? आणि आठ-साडेआठला घरात नेमकं काय होतं?

गोदाकाठ
डबी हॉलमधल्या टीव्हीच्या मागे, दिसू नये म्हणून. टीव्ही भिंतीवरच्या हलत्या दांडीवर आहे. आठच्या सुमारास जेवायला बसताना आई तो जेवणाच्या टेबलाकडे वळवते.

लाइनमन_सातारा
सापडलं असं वाटतं. टीव्ही वळला की मागची पिवळी तार दांडीत अडकून मुडपत असणार. काचेच्या तारेला तीव्र वळण सहन होत नाही, प्रकाश वळणावर बाहेर गळतो. घरात वापरायच्या चांगल्या तारेलाही वळणाची त्रिज्या साधारण १ सेंटिमीटरपेक्षा कमी नको. शिवाय घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि घरातून जाणारा १३१० चा. लांब तरंगलांबीचा प्रकाश वळणावर जास्त गळतो, म्हणून आधी येणारा संकेत मरतो आणि लाल दिवा लागतो.

राउटरच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल माहिती असते, तिथे आत येणाऱ्या प्रकाशाचा आकडा बघायला सांगा. टीव्ही सरळ असताना आणि वळवल्यावर, दोन्ही. हा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे प्रकाशाच्या जोराच्या मापात असतो; उणे २० च्या आसपास असेल तर उत्तम. उणे २७ च्या पलीकडे गेला की डबीला काही ऐकू येत नाही. तार सुटली तर टोकाकडे डोळा लावून कुणी बघू नये, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला वाईट असतो. आणि तारेला ओढू नका.

शून्य_एक
टीव्ही पुन्हा सरळ केला तरी नेट लगेच न येण्याचं कारणही यात आहे. डबीला पुन्हा नोंदणी करावी लागते, मग राउटर लॉगिन करतो. तोवर उद्गारचिन्ह.

गोदाकाठ
दादा, अगदी तेच. टीव्ही सरळ असताना उणे २१, वळवल्यावर आकडा घसरत उणे २८ आणि मग लाल दिवा. त्या मुलाने तार दांडीतून सोडवून मोठं वेटोळं करून ठेवली, आता वळवूनही २१ च्या जवळच राहतो. म्हणजे "यंत्र काढा" म्हणणाऱ्याने टीव्हीमागची तार वाकून पाहिलीच नाही. सेंडर काढून टाकला असता तरी रात्रीचं नेट गेलंच असतं, आणि आम्हाला वाटलं असतं की बाबांचंच काहीतरी चुकतंय. याचा मला खरंच राग आलाय.

तक्रार पुन्हा नोंदवली आहे, डबी टीव्हीमागून हलवून द्या अशी. बाबांच्या टीव्हीचं काय करू?

तारतम्य
तार ओढा. सेट-टॉप बॉक्सला बहुधा एव्हीचं (चित्र-आवाजाचं) आउटपुट असतं. तिथून आतल्या खोलीपर्यंत चांगली केबल केसिंग पट्टीतून दाराच्या चौकटीवरून न्यायची. दहा-पंधरा मीटरला चित्र उत्तम येतं. घराजवळचा इलेक्ट्रिशियन तासाभरात करेल. तोपर्यंत बाबांचा मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर.

मीठभाकर
गोदाकाठ, तक्रारीचा डॉकेट क्रमांक जपून ठेवा. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे आधी तक्रार केंद्र आणि तिथे समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. न विचारता तक्रार बंद केली हेही लिहा. पुढच्या घरी तरी मीटर पिशवीतून बाहेर निघेल.

गोदाकाठ
लिहिलं. आणि केबल ओढून झाली. कालचा व्यायामाचा कॉल शेवटपर्यंत चालला, आई मालिका बघत असताना.

पत्र्याची_छत्री
माझ्या भावाकडे सेंडर आहे, पण त्यावर ५.८ लिहिलंय. त्याला २.४ ची भीती नाही ना?

तारतम्य
२.४ ला नाही, पण ५ गिगाहर्ट्झ वाय-फायच्या वरच्या चॅनलना, म्हणजे १४९ ते १६५ ला, तो तसाच छळेल. राउटर ऑटोवरून काढून ३६ ते ४८ मधल्या एखाद्या चॅनलवर बसवा. आणि फायबर असेल तर आधी टीव्हीमागची तार कुठे मुडपलेली नाही ना, ते बघा.